वडोदऱ्याहून एका दिवसाचा समुद्र: दांडी की तिथल?

थंडी सरली, पण अजून दुपारी दार लावून बसायची वेळ आलेली नाही, असे फेब्रुवारीअखेरपासूनचे तीन-चार आठवडे दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यासाठी सगळ्यात बरे. सकाळी निघून रात्री घरी परत, मुक्कामाची भानगड नाही, अशा बेतात वडोदऱ्याहून खऱ्या अर्थाने दोनच किनारे बसतात: नवसारीजवळचं दांडी आणि वलसाडजवळचं तिथल. तिसरं कावी-कंबोई अंतराने सगळ्यात जवळचं, पण त्याची जात वेगळी आहे, त्याबद्दल पुढे. आमचा कौल आधीच सांगून टाकतो: गाडी असेल आणि बरोबर शाळकरी मुलं असतील तर दांडी; आगगाडीने जायचं असेल आणि घरातली म्हातारी माणसं बरोबर असतील तर तिथल.

एक गोष्ट निघण्याआधीच डोक्यातून काढा. कोकणातला समुद्र इथे नाही. पांढरी वाळू, निळं पाणी, मागे माडाच्या रांगा असलं काही मिळणार नाही. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी या चार नद्या आपला गाळ खंभातच्या आखातात आणून ओततात आणि तिथली भरती-ओहोटीची ओढ इतकी जबर आहे की तो गाळ तळाला बसतच नाही. त्यामुळे आखातात आणि त्याच्या तोंडाशी पाणी मातकटच दिसतं. ते घाण नसतं, गढूळ असतं. हे ठाऊक नसलेली मंडळी किनाऱ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या नाक मुरडतात आणि पुढचे चार तास मोबाइलमध्ये घालवतात.

पण सहली फसतात त्या पाण्याच्या रंगामुळे नव्हे, भरती-ओहोटी न बघता निघाल्यामुळे. आखाताचा आकार नरसाळ्यासारखा असल्याने आत शिरणारं पाणी चेपलं जाऊन वर चढतं. भावनगरकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत दहा मीटरचा फरक पडतो. दांडी-तिथल तोंडाशी आहेत, तिथे फरक त्याहून बराच कमी, तरी मुंबईपेक्षा जास्त. किनारा जवळजवळ सपाट असल्याने पाण्याची पातळी थोडी उतरली तरी कड खूप लांब जाते. ओहोटीला पोचलात तर समोर ओला गाळ आणि पार तिकडे एक चकाकती रेघ, एवढंच दिसेल.

याचं गणित घरच्या दिनदर्शिकेवर करता येतं. कोळ्यांचा जुना हिशेब असा: शुद्ध असो वा वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येणारा आकडा म्हणजे मुंबईच्या बाजूला भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा येते, दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात, त्यामुळे तोच आकडा पहाटे आणि दुपारी दोन्हीकडे थोड्या फरकाने चालतो. दर दिवशी वेळ पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. आता मुंबईपासून उत्तरेला जाल तसा भरतीला उशीर होतो, आणि आखातात जितकं आत शिराल तितका तो वाढतो. दांडी-तिथलसाठी तास-दीड तास मिळवून ठेवा. मोबाइलवर मुंबईची वेळ बघून निघणारे फसतात ते इथे. हा हिशेब तासाभराने इकडेतिकडे होतो, म्हणून तारीख ठरवायला तिथी वापरा आणि आदल्या रात्री त्या किनाऱ्याची नेमकी वेळ मोबाइलवर ताडून घ्या.

दिवसाच्या सहलीला हवी ती संध्याकाळची भरती. मार्चच्या सुरुवातीला या भागात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्याआधी तासभर पाणी भरून आलेलं असावं, म्हणजे चार वाजता पाणी येताना दिसतं, सहाला पायाशी असतं. पाऊणपटीचा हिशेब उलटा लावला तर यासाठी चतुर्थी ते षष्ठी या तिथी येतात, ताणून सप्तमी. सप्तमीपासून पुढे भांगाचे दिवस लागतात, पाण्याला जोर नसतो आणि ते पार वरपर्यंत चढत नाही. पंचमी सगळ्यात उत्तम. महिन्यात दोन पंधरवडे, म्हणजे आठेक दिवस सापडतात. त्यात एखादा रविवार बहुतेक वेळा बसतोच.

आता याच हिशेबात महाशिवरात्र आणि होळी घालून बघा. सुट्टी, गर्दी, सगळं गाव किनाऱ्यावर. महाशिवरात्र म्हणजे वद्य चतुर्दशी: चौदाची पाऊणपट साडेदहा, वर दीड तास, म्हणजे भरती भर दुपारी बाराला आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या पुढे. होळीच्या पौर्णिमेचंही तेच. उन्हात पाणी जवळ, आणि सूर्यास्ताला ते पार क्षितिजाकडे गेलेलं. सूर्यास्त बघायला म्हणून नेमक्या याच दोन दिवशी माणसं लोटतात आणि चिखलाचे फोटो काढून परत येतात.

दांडीला जायचं तर वडोदरा ते नवसारी आगगाडीने सुमारे एकशे साठ किलोमीटर, एक्स्प्रेसला दोन-अडीच तास. सगळ्या वेगवान गाड्या नवसारीला थांबत नाहीत, ते तिकीट काढताना बघा. थांबत नसेल तर सुरतला उतरून मेमू किंवा पॅसेंजर धरावी लागते आणि सकाळचा तासभर फुकट जातो. भरूचला नर्मदा ओलांडताना शेजारी 1881 सालचा गोल्डन ब्रिज दिसतो, मुलांना आधीच खिडकीशी बसवा. नवसारी स्टेशनवरून दांडी पश्चिमेला अठरा-वीस किलोमीटर. एस.टी. जाते, पण फेऱ्यांचा भरवसा धरून संध्याकाळचा बेत करू नका. रिक्षा ठरवताना जायचं-यायचं आणि मधे थांबायचं, तिन्ही एकाच वेळी बोलून घ्या. फक्त जायचं ठरवलं तर सूर्यास्तानंतर दांडीत परतीची रिक्षा शोधणं त्रासाचं आहे आणि तेव्हा भाव रिक्षावाल्याचा असतो.

गाडीने दोनशेच्या आसपास किलोमीटर. वडोदरा-भरूच हा दिल्ली-मुंबई एक्स्प्रेस-वेचा टप्पा फेब्रुवारी 2024 पासून सुरू आहे. त्याने भरूचपर्यंतचा ताप कमी झाला. दुचाकी आणि रिक्षा तिथे चालत नाहीत. पुढे अंकलेश्वर ते पलसाणा हायवेवर ट्रकांची रांग कायमची, म्हणून सकाळी साडेसहाच्या आत शहराबाहेर पडलेलं बरं. परतताना रविवारी रात्री सात ते नऊ दमणहून येणाऱ्या गाड्याही त्याच रस्त्याला लागतात. का, ते दारूबंदीच्या गुजरातेत राहणाऱ्याला सांगायला नको. नकाशावर ‘दांडी मार्ग’ म्हणून एक राष्ट्रीय महामार्ग दिसेल, अहमदाबादहून आणंद, जंबुसर, अंकलेश्वर, सुरत असा. नाव बघून मोहात पडू नका. तो गांधीजींच्या दांडीयात्रेच्या वाटेने गावागावातून जातो, पोहोचण्याच्या घाईत असलेल्याच्या कामाचा नाही.

दांडीत सकाळ काढायची ती राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारकात. 30 जानेवारी 2019 ला ते उघडलं, जागा पंधरा एकर, आखणीची सूत्रं आयआयटी मुंबईकडे होती. दोन हातांसारखी वर चढत गेलेली चाळीस मीटर उंचीची चौकट लांबूनच दिसते. माथ्यावर काचेचा स्फटिक, म्हणजे मिठाचा खडा. मधे कृत्रिम तळं, त्याच्या कडेने यात्रेचे प्रसंग दाखवणारी चोवीस शिल्पं, चोवीस दिवसांची चोवीस. गांधीजी आणि त्यांच्या ऐंशी सहकाऱ्यांचे पुतळे एकामागोमाग चालताहेत, आणि हे पुतळे एका साच्यातले नाहीत. देशोदेशीच्या शिल्पकारांनी केलेले असल्याने प्रत्येकाची चाल, काठी धरायची पद्धत, खांद्यावरची झोळी वेगळी आहे. इथे घाई करू नका. मुलांना एकेक पुतळा निवडून त्याच्यासारखं चालायला सांगा, अर्धा तास सहज जातो.

मीठ करून बघायची सोयही तिथे आहे: खारं पाणी तापलेल्या भांड्यात ओतायचं, वाफ होते, तळाशी पांढरा थर राहतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात, म्हणजे दोन मोठे चमचे. स्मारक आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तो वार निघण्याआधी बघून घ्या. उणीव एकच, पण मोठी: सावली. झाडं अजून छत्रीएवढी नाहीत आणि फरशी तापते. साडेअकराच्या आत बाहेरची फेरी संपवा. दिव्यांची आणि लेसरची शोभा अंधार पडल्यावर असते. तेवढ्यासाठी थांबलात तर परतीची गाडी चुकण्याची तयारी ठेवा.

जवळच सैफी व्हिला. 5 एप्रिल 1930 ला यात्रा दांडीला पोचली त्या रात्री गांधीजी या बंगल्यात राहिले, दुसऱ्या दिवशी सकाळी मीठ उचललं. बंगला बोहरा समाजाच्या धर्मगुरूंचा होता. वडोदऱ्याच्या वाचकाला आणखी एक गंमत: शेजारचं नवसारी तेव्हा गायकवाडी मुलूख, नवसारी प्रांताचं मुख्य ठाणं, दांडी मात्र जलालपूर तालुक्यात, इंग्रजी अमलाखाली. कायदा मोडायचा तर तो इंग्रजांच्या हद्दीतच मोडायला हवा होता.

आणि मीठ तिथे आयतं पडलेलं कसं होतं, हे किनाऱ्यावर आजही बघता येतं. उधाणाचं पाणी नेहमीच्या खुणेच्या वर चढून खोलगट जागेत साचतं. पुढचे आठ-दहा दिवस भांगाचे. पाणी तिथवर पोचत नाही, ऊन मात्र रोज पडतं. मार्चच्या मध्यापासून हे डबकं आटत जातं. आधी कडेला चिखलाला भेगा पडतात, मग भेगांच्या तोंडाशी पांढरी किनार धरते, आणि शेवटी पापुद्र्यासारखी साय येते जी नखाने उचलता येते. खाऊ नका, त्यात माती आणि कडवट क्षार दोन्ही असतात. पण इतिहासाचं पुस्तक हातात घेतलेल्या मुलाला हे दाखवण्यासारखं आहे. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर पाच-सहा दिवसांनी गेलात, म्हणजे वर सांगितलेल्या पंचमी-षष्ठीलाच, तर हे दिसण्याची शक्यता बरी.

दांडीचा किनारा स्वतः शांत आहे, मागे सुरूची झाडं, गर्दी रविवारीही सोसण्याइतकी. बसायला सावली आहे ती या सुरूखालीच. चटई जाड न्या, सुरूची बोंडं टोचतात. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी पसरलेली दिसेल. ती खेकड्यांची. वाळूतलं खाणं चाटून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. पाऊल आपटलं की सगळे एका क्षणात बिळात.

पोहायला मात्र हा किनारा नाही, आणि तिथलही नाही. दोन्ही ठिकाणी जवळच नदीमुखं आहेत, पूर्णा आणि औरंगा, आणि ओहोटी लागली की पाणी जोराने बाहेर ओढतं. घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत, तेही पाणी चढत असताना. ओहोटीत उघडी पडलेली सपाटी बघून लांब चालत जाणं त्याहून धोक्याचं: भरती येते तेव्हा समोरून लाट येत नाही, आधी मागच्या खोलगट ओहळांत पाणी भरतं आणि परतीची वाट तुटते. किनाऱ्यापासून दोनशे पावलांच्या पुढे जाऊ नका. गाळात पाय रुतला तर ताड्कन ओढू नका, ओढल्याने तळाशी पोकळी होऊन तो आणखी धरतो. मागे बसल्यासारखं व्हा, पाऊल हळूहळू डावी-उजवीकडे हलवून बाजूने पाणी शिरू द्या, मग टाच आधी सोडवा. चप्पल गेली तर जाऊ दे म्हणा. गाडी वाळूवर उतरवणाऱ्यांबद्दल काय सांगावं! वरचा थर वाळलेला, खाली गाळ. टायर फिरला की बसला, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते.

तिथलची सोय सोपी आहे. वडोदऱ्याहून वलसाड सुमारे दोनशे किलोमीटर, तीन तास, पण बहुतेक एक्स्प्रेस गाड्या थांबतात आणि संध्याकाळी परतीला पर्याय जास्त. स्टेशनपासून किनारा पाचेक किलोमीटर, रिक्षा हव्या तितक्या. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना घेऊन जायचं तर हाच फरक निर्णायक. बसायला जागा, चहा, नारळपाणी, भजी, मक्याचं कणीस, सगळं हाताशी. साईबाबांचं आणि स्वामिनारायणाचं मंदिर समुद्राला लागूनच, उन्हाच्या वेळी दुपार काढायला उत्तम. तिथे निवांतपणाही किनाऱ्यापेक्षा जास्त मिळतो. रविवारी पाचनंतर मात्र गोंगाट: उंट, घोडे, फुगेवाले. आम्ही आठवड्यातला मधला वार सुचवू.

तिथलची वाळू काळी. दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन नद्यांनी आणलेले लोहखनिजाचे जड कण तीत आहेत. घरातलं साधं चुंबक कोरड्या वाळूतून फिरवा, दाढीसारखे काळे कण चिकटून येतात. आधी चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायला विसरू नका, नाहीतर ते कण काढताना नाकी नऊ येतील. याच काळेपणामुळे एक ते तीनमध्ये ती तव्यासारखी तापते, अनवाणी पोरं नाचत येतात. चारनंतरच उतरा.

सुरतजवळचं डुमस फक्त खाण्यासाठी: टोमॅटोची भजी, वर चटणी, गरम असतानाच. समुद्र म्हणून नव्हे. दमणचं देवका खडकाळ, जंपोर बसायला बरं. पण वापीला उतरून पुढे जाण्यात वडोदऱ्याच्या माणसाचा दिवस प्रवासातच जातो.

कावी-कंबोई पादरा-जंबुसर रस्त्याने पंचाहत्तरेक किलोमीटर, अर्ध्या दिवसाचं काम. महीच्या मुखाशी स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा उघडं पडतं. इथे पाण्यात जायचं नसतं, पाणी चढताना काठावरून बघायचं असतं. तिथे भरतीच्या वेळांच्या चिठ्ठ्या मिळतात. वरचा दीड तासाचा हिशेब इथे चालणार नाही, आखातात हे बरंच आत आहे. दर्शन आधी आणि बुडणं नंतर, असं जमवायचं तर भरतीच्या तीन तास आधी पोचा. अमावास्येला आणि महाशिवरात्रीला जत्रा असते. पाणी तेव्हा खूप उंच चढतं, पण पार्किंगपासून चालावं लागतं.

खाण्याचं म्हणाल तर दांडीत भजी-चहाच्या पलीकडे भरवसा धरू नका, जेवण नवसारीत किंवा डब्यात. डब्याला दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, किंवा थेपले आणि छुंदा. दही-ताकाचं काही दुपारी टिकत नाही. पाणी माणशी दोन लिटर. परतताना नवसारीत पारशी पद्धतीची लोणची आणि उसाचा सिरका घ्या, कोलाहचं नाव या बाबतीत जुनं आणि खरं. चिकू या दिवसांत गणदेवी-अमलसाडकडचा, रस्त्याकडेला पेटीने मिळतो. कडक घ्या, घरी चार दिवसांत पिकतो, पिकलेला घेतलात तर अंकलेश्वरपर्यंत त्याचं शिकरण होतं. ताडगोळे मागू नका, ते एप्रिल-मेचे.

बॅगेत आणखी काय: पट्ट्याची सँडल (स्लिपर गाळात राहते), गडद रंगाचे कपडे, प्रत्येकाला एक जुना टॉवेल, आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन फक्त पाय धुण्यासाठी. गाळ ओला असताना धुतला की लगेच निघतो, वाळला की घासावा लागतो. कपड्यांवरचा गाळ मात्र उलट: आधी पूर्ण वाळू द्या, झटका, मग गार पाण्यात भिजवा. ओला असताना साबण चोळलात तर डाग पक्का बसतो. गाडी असेल तर घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी खालून साध्या पाण्याचा फवारा मारून घ्या, विशेषतः चाकांच्या कमानीत आणि दारांच्या खालच्या कडेला. खारी वाळू तिथेच अडकते आणि पावसाळ्यापर्यंत गंज धरते.